आठच्या बातम्यांतली रोझलिन

उंदराने नाही हो जितेशभाऊ, मीच कापलीय ती वायर—भाजीच्या सुरीने—आणि जरा हळू बोला, आई आत पडलीय, डोळे अधू झाले तरी कान तिखट आहेत तिचे. तुम्ही एवढंच सांगा तिला, टीव्ही आतून जळलाय, आता दुरुस्त व्हायचा नाही. का म्हणजे? दारातच म्हणालात ना, आठच्या बातम्यांतल्या रोझलिन मॅडम तुम्ही—ती मी नाही. तोंड माझं, आवाज माझा, पण मला चॅनेलने नाताळाआधीच घरी बसवलं, आता कॉम्प्युटर वाचतो बातम्या, माझ्या तोंडाने. सही माझीच, आवाज वापरा म्हणून—तेव्हा कुणाला कळलं होतं काय करणार आहेत ते? इतकी वर्षं पुढाऱ्यांना प्रश्न विचारले, अवघड प्रश्नाआधी मी जरा थांबायचे, श्वास घ्यायचे—तेसुद्धा उचललंय मेल्याने. आणि आई रोज खुर्ची ओढून ऐकत बसते, माझ्या बातम्यांसाठी संध्याकाळची प्रार्थना, रोझरीसुद्धा मागे ढकललीय तिने—परवा म्हणते, हल्ली तुला सर्दी होत नाही गं, बरं झालं.

हसा, हसा. मीही हसायचे, दुपारी ऑफिसला म्हणून निघायचे आणि पाचूबंदरला होड्या बघत बसायचे, चाललं होतं—पण गेल्या आठवड्यात आमच्या गावातल्या बाया पाण्यासाठी हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या, आईही गेली, शेजारच्या बेटीमावशीचा हात धरून, दिवसभर उन्हात—आणि आठला मी, म्हणजे ती, म्हणाली, पैसे देऊन आणलेली गर्दी. माझ्या आवाजात. जरा थांबून, श्वास घेऊन. आई काय म्हणाली असेल? रात्री घरी आले, तर माझ्या पानात मासा वाढला आणि म्हणाली, तुला वरून सांगितलं असेल. रविवारी चर्चमध्ये मिस्साला तिच्या बाकावर कुणी बसलं नाही, जितेशभाऊ, बेटीमावशीसुद्धा पलीकडे जाऊन बसली.

खरं सांगून टाकू? तेव्हाच सांगायला हवं होतं, नोकरी गेली त्या दिवशी. आता कोण ऐकणार? म्हणतील, अंगाशी आलं तर यंत्रावर ढकलते—मी तरी दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं का? आणि आज परत आमच्याच गावाची बातमी आहे, दुपारपासून जाहिरात करतायत. आज काय बोलणार आहे मी, मला माहीत नाही. म्हणून आईला सांगितलं, आज उशिरा निघते, आणि सुरी घेतली. तुमचं काय जातंय, जळला म्हणायला?

नाही म्हणता. म्हातारीशी खोटं बोलवत नाही—बरोबर आहे, किती जणांनी बोलायचं तिच्याशी खोटं. आले गं आई, हो, होतोय टीव्ही, दादा जोडतायत वायर! बघा, उठून खुर्चीसुद्धा ओढली तिने. जोडा, जोडा तुम्ही. माझी पर्स द्या ती—मला निघायला हवं, आठला मी घरात दिसून कसं चालेल?