घोरता घोरता गप

मथुराबाई : …म्हैस आडवी आली म्हणत्यात, पर म्हैस नव्हतीच, म्याडम. रस्त्यावर शेरडू बी नव्हतं.

शरणबसप्पा : तुला काय दिसलं गं?

मथुराबाई : तुमच्या मागंच बसले व्हते की. जीप सोयाबीनमदी शिरली तवा तुमची मान छातीवर पडली व्हती.

डॉक्टर : कुणाला लागलं?

मथुराबाई : न्हाय. बाया वरडल्या नुसत्या. लोहाऱ्याला जाणारी सवारी, जीप गच्च भरलेली. एकीच्या मांडीवर तान्हं लेकरू.

शरणबसप्पा : बाई, आमी घोरण्याचं औषध न्यायला आलो. जीपचं कशाला काढता?

डॉक्टर : दोन्हीचं मूळ एकच असलं तर, काका? दारू घेता?

शरणबसप्पा : गळ्यात इष्टलिंग हाय, बाई. दारू न्हाय.

डॉक्टर : नाक चोंदतं?

शरणबसप्पा : दिसभर धूळ खातो. चोंदणारच.

मथुराबाई : त्याची गोळी घेत्यात झोपताना. मनानंच, दुकानातून आणून.

डॉक्टर : त्या गोळीनं गुंगी येते. बिडी?

शरणबसप्पा : सवारी भरेस्तवर. एखादी.

मथुराबाई : एखादी!

डॉक्टर : झोपता कसे?

मथुराबाई : उताणं. कुशीवर केलं की आवाज कमी येतो. म्हणून म्या बंडीला पाठीमागं सुपारी शिवली. टोचली की वळत्याल.

शरणबसप्पा : काढून खाल्ली म्या.

डॉक्टर : लिंगाचा दोरा एवढा आखूड का बांधलाय?

मथुराबाई : त्योच दोरा हाय, म्याडम. आधी लिंग छातीवर असायचं. आता गळ्याशी आलंय.

डॉक्टर : म्हणजे मान जाड झाली. आतूनही तसंच. झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागं सरकते, हवेची वाट अरुंद होते. तिथून हवा ओढली की टाळूमागचा मऊ पडदा थरथरतो. तेच घोरणं. तेवढंच असतं, तर वजन उतरवा, बिडी सोडा, कुशीवर झोपा म्हणून पाठवलं असतं.

शरणबसप्पा : मग पाठवा की. घराण्यातच हाय आमच्या. आमचा बा, महालिंगप्पा, त्याचं घोरणं वेशीपोतर जायचं. लोक म्हणायचे, ज्याला घोर न्हाय त्योच घोरतो.

डॉक्टर : काकू, मागं तुम्ही एकट्या आलात तेव्हा सांगितलं होतं ते रेकॉर्डिंग केलंत?

मथुराबाई : व्हय. दुपारी जेवून पडले तवा. लावते.

फोन : घर्रर्र… खुर्रर्र… घर्रर्र…

शरणबसप्पा : हे म्या? रेडा वाटतंय.

फोन : घर्रर्र… खुर्रर्र… घर्—

फोन :

फोन :

शरणबसप्पा : बंद पडला का काय?

फोन :

डॉक्टर : चालू आहे. मागं पंख्याचा आवाज येतोय बघा.

फोन :

शरणबसप्पा : मग म्या काय करतोय?

फोन :

डॉक्टर : श्वास घेत नाही आहात. वाट पुरती मिटलीय.

फोन :

फोन : ख्ख्हाक्! घर्रर्र… खुर्रर्र…

[शरणबसप्पा स्वतःच हात लांबवून फोन बंद करतो.]

डॉक्टर : हे झोपेत पुन्हा पुन्हा होतं. दर वेळी शरीर दचकून जागं होतं, तुम्हाला कळतही नाही. रात्री न झालेली झोप मग स्टेअरिंगवर येते. झोपेची तपासणी करू, गरज पडली तर मशीन लावू. उपाय आहे, काका. पण तोवर जीप चालवायची नाही.

शरणबसप्पा : जीप थांबली की घर थांबतंय, बाई.

डॉक्टर : आणि तुम्ही?

शरणबसप्पा : …आमचा बा असाच गेला. घोरता घोरता गप झाला. समदा गाव म्हणला, पुण्यवान. झोपंत सुखानं गेला.

डॉक्टर : त्यांचं ह्यानंच झालं, असं मी म्हणत नाही.

शरणबसप्पा : नगा म्हणू. म्या शेजारच्याच खोलीत व्हतो. गप झाला तवा बरं वाटलं व्हतं मला.

मथुराबाई : अवो…

शरणबसप्पा : ही चावी घे. माझ्या भावाला, शिवपुत्राला फोन लाव. म्हणावं, भावाची जीप दवाखान्याम्होरं उभी हाय, येऊन घेऊन जा. तपासणी होईस्तवर तूच चालव.

मथुराबाई : आन आपण?

शरणबसप्पा : एस्टीनं जाऊ. …मथुरा, इतकी वर्सं तुला झोप नव्हती माझ्यापायी. बोलली न्हाईस कधी.

मथुराबाई : झोपायचे की. तुमी मधीच गप झालाव, की माजा डोळा लागायचा.