कॉम्प्युटरला बुक्क्या

माझं घरात कुणी खरं मानलंच नाही बघा. लेकीचा जुना कॉम्प्युटर चालू होईना, नुसता पी-पी ओरडायचा. तिची चादरींची डिझाइनं आत अडकलेली. हे म्हणाले, "हिनंच ओलं फडकं मारलंय." लेकही म्हणाली, "आई, तू हात लावू नको." ते लागलं मला.

दुरुस्तीवाल्यानं डबा उघडला. "पाणी-बिणी काय न्हाय. रॅमची पट्टी धक्क्यानं निसटलीय. ह्याला बुक्क्या कोण घालतंय, मावशी?"

टीव्हीला घालायचे तशा हेच घालायचे. मी सांगून थकलेले. आता हे मान खाली घालून चहा फुंकत बसले होते.

लग्नातल्या उखाण्यानंतर मी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी लेकीकडं बघून घेतलं.

"दत्तात्रय."