ईस्टरच्या दोन बाटल्या

भुईगावच्या बस थांब्यावर एक आजी आणि तिची दहाएक वर्षांची नात दवाखान्यातून येऊन माझ्या शेजारी बसल्या.

"एलिसा, काठावरची साखर खाली आलीय तुझी. असंच ठेवलं तर डायबेटिसचा धोका कमी, म्हणाले डॉक्टर."

"उपवासकाळात कोल्ड्रिंक सोडलं ना मी! चर्चमधल्या मिस्सालाही चालत गेले."

"म्हणून तर दोन बाटल्या आणून ठेवल्यात. ईस्टर झाला, आता पी खुशाल."

"आजी! चाळीस दिवस कमावलं ते एका दिवसात घालवू?"

"सण झाला की सोडलेलं परत घ्यायचंच असतं, पोरी."

"डॉक्टर ईस्टरपर्यंतच म्हणाले होते का?"

"तसं नाही गं. मग बाटल्यांचं काय करू?"

"ओतून टाक, धू आणि पाणी भर."

"दोन्हीत?"

"एक तुझी. रविवारी मिस्साला तूपण चालत येणारेस."