बंदूक गेली, काठी राहिली

लातूरच्या कचेरीत बंदुकीच्या परवान्याच्या रांगेत दानम्मा नवऱ्याचा अर्ज घेऊन उभी होती. पुढे मन्मथअप्पा होते. त्यांचा परवाना खटल्यात रद्द झाला होता.

"सजा भोगून पाच वर्सं झाली, बाई. आता कायद्यानं परत मागता येतो. रानडुकरं सोयाबीन खाऊन ओट्यावर चहाची वाट बघायलीत!"

"कुणावर गोळी झाडली होती, अप्पा?"

"गोळी कुठली? बांधाच्या भांडणात शेजाऱ्याचं डोकं फोडलं, काठीनं."

"अन् नेली बंदूक?"

"हाव. काठी घरीच हाय."

"मग तुम्ही सुधारलात, हे साहेबाला सांगणार कोण?"

"हे काय, संगमेशराव आलेत की संगं."

संगमेशरावांनी टोपी काढून टाळूवरची खूण दाखवली.

"डोकं माझंच, बाई. काय करता? डुकरांना बांध कुठं कळतो?"