नव्या पिक्चरवरच्या रेघा

धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात प्रेमिलाबाई नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारे विणकर आणि त्यांची लेक. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे बाईंना कळत होतं, पण कान काही ऐकेनात.

"बाबा, सकाळपासून विचारून राहिली, डोळ्याले झालं तरी काय?"

"काल फोनवर तुझा कार्टून पिक्चर पाहिला. जिकडेतिकडे रेघा, ठिपके, धूळ. म्हटलं, मोतीबिंदू पिकला."

"अरे देवा! त्या रेघा मीच टाकल्या, बाबा."

"चांगल्या पिक्चरवर? काहून वं?"

"जुन्या टॉकीजमधल्या रिळासारखा दिसाले पाहिजे होता. खाली चित्र, त्याच्यावर धुळीचा थर, त्याच्यावर रेघांचा. मंग कम्प्युटरवर असे मिसळवले का वरचा थरही दिसते अन् खालचं चित्रही झाकत नाही."

"थांब. उभं सूत लाल, आडवं हिरवं, अन् लुगडं तिसऱ्याच रंगाचं. आपली धूपछाँव!"

"तेच! तुमच्या मागावरच तं पाहिलं होतं."

"म्हणजे मी फसलो?"

"पुरे फसले."

"जन्मभर सुतातली गाठ हेरणारा माणूस फसला?"

आता हे भडकणार, असं प्रेमिलाबाईंना वाटलं. म्हातारे मात्र ताठ होऊन बसले.

"रुपराव धकाते!" नर्सनं हाक मारली. "काय त्रास आहे, आजोबा?"

"मले काही नाही, बाई. हा माझ्या पोरीचा पिक्चर पाहा. डोळे बिघडल्यासारखे वाटले, तं माझा नंबर तुम्हीच घेऊन घ्या."