दातावरची टोपी

न्हाई, झोप झाली का तेवढं इचारू नका राव, बाकी काय बी इचारा... तांबडं फुटायच्या आत आळे गावातनं पिकअप काढायची, मागं खुरपणीच्या बाया, आन माझा डोळा लागायचा स्टेअरिंगवर. मागं एकदा ओतूरच्या रस्त्याला गाडी कालव्याच्या चारीकडं निघाली, ते केबिनमधल्या साळुबाईनं भाकरीचं गठुडं मानंवर हाणलं म्हणून वाचलो. म्हणती, "संपत, तुला मरायचं तर एकटा मर. आमची लेकरं घरी हायती." खरं बोलली बाई. लई भ्या वाटलं मला.

आन झोपत न्हाई असं बी न्हाई बरं का. जेवलो का आडवा होतो, तरी सकाळी जबडा असा ठणकायचा, जसा काय रातभर ऊस सोलून खाल्ला.

त्यात आमच्या वस्तीवर आवाज सुरू झाला. करर्र... कट्... करर्र. मी झोपतो पुढं दारापाशी, बायको अंजना आतल्या खोलीत. ती येऊन हलवायची, "अवो उठा, दाराशी बिबट्या हाडकं फोडतोय." मी उठलो का आवाज बंद. रोजचंच. अंजना वरडली का शेजारचा रखमाजी सुतळी बॉम्ब लावायचा, धडाम. मंग कसली झोप अन् काय? शेवटी वनखात्याला फोन केला. पिंजरा आला, पिंजऱ्यात कोंबडी माझीच. त्यांचा माणूस रातभर अंगणात दबा धरून बसला, आन पहाटं दार वाजवून म्हणतो कसा, "पावणं, पिंजरा भाहेर कशाला? बिबट्या तर आत गोधडी घेऊन झोपलाय."

दात खात व्हतो मी, झोपंत. गावभर बोभाटा.

गेलो ओतूरला दातांच्या डॉक्टरीनबाईकडं. त्या म्हणाल्या, "दात खाता म्हणून नीट झोप लागत नाही, आणि झोप होत नाही म्हणून आणखी दात खाता. टेन्शन घेऊ नका." म्हणलं, म्याडम, गाडीत बाया, उसात बिबट्या, ह्यातलं कोणतं घेऊ नको? त्यांनी दातावर बसवायची प्लास्टिकची टोपी दिली.

आन तुमाला सांगतो, गुण आला. आवाज बंद, बॉम्ब बंद, पिंजरा परत गेला, साळुबाई गाडीत बिनघोर पान लावायला लागली. कुणी झोप झाली का इचारलं तर मी हसून 'झाली की' म्हणायचो.

परवा रातच्याला... करर्र... कट्... करर्र. अंजना आतनं झोपंतच म्हणती, "अवो, टोपी घाला की." रखमाजी भिंतीपल्याडून, "संपत, टोपी..." मी तोंडात बोट घालून चाचपलं. टोपी जाग्यावर.

दार उघडायचं धाडस न्हाई झालं. सकाळी पायरीपाशी राणीचा पट्टा तेवढा पडलेला. राणी म्हंजी आमची कुत्री, पिकअपमागं पार फाट्यापतूर पळायची. तिचा जीव तिकडं दाराशी चालला व्हता, आन मी आत पडून ऐकत व्हतो राव.

आता परत पिंजरा मागितला तर वनखात्याचा तोच माणूस फोनवर हसतो, "पावणं, आधी टोपी घातली का बघा." रोज रातच्याला दाराकडं बघत पडतो मी, टोपी घालून, टक्क जागा. सकाळी गाडी काढतो. शेजारी साळुबाई, भाकरीचं गठुडं हातात उचलूनच बसलेली... झोप झाली का, ती बी इचारत न्हाई.