बन्सीदादाचा पत्र्याचा माणूस

— न्हाई, न्हाई, हात लावू नका सूर्यभानभाऊ, गुडघ्याचा नट ढिला हाय, पडला तर तुमच्याच अंगठ्यावर पडंल. आन हळू बोला, आई आत भाकरी थापतीय. काय म्हणत हुता तुमी? व्हय, हाच तो. मुंबईहून पोस्टानं खोकं आलं तवा वीतभर हुता — भोकाभोकाच्या पट्ट्या, नट-बोल्ट, चावीचं यंत्र आन एक इंग्रजी कागद. दादा फॅक्टरीत फिटर, त्यानं कागद वाचला. मी तिसरीत शाळा सोडलेला, मी चित्रं बघितली. चावी दिली की हात वर करायचा. बास. म्हणलं, दादा, हात तर आमच्या वर्गात सगळेच वर करायचे, हा चालला पायजे.

मग दादाच गेला. दहाव्याला प्रवरेवर पिंड ठेवला, कावळा शिवंना. मामा म्हणला, बन्सी, आईला सांभाळतो — न्हाई. चुलते म्हणले, बन्सी, शेत वाटत न्हाई — न्हाई. कावळे बाभळीवर बसलेले, चांगले जाडजूड, उपाशी वाटत न्हवते. मला ऱ्हावलं न्हाई, मी ओरडलो, दादा, तुझा माणूस चालवून दाखवतो! दोघं-तिघं हसले — दहाव्याला हसले, बोला! — आन कावळा शिवला. आता माघार कशी घ्यायची? म्हणून कमरेएवढा केला. अंग तेलाच्या डब्याचं, डोळ्यांत टॉर्चचे बल्ब. मोटार तुमच्याच राहात्याच्या दुकानातली, जीपच्या वायपरची. येताना दादाच्या पिशवीत हुती. ट्रकनं सायकल चेंबली, हिला ओरखडा न्हाई. पर वायपरची मोटार ती, काच पुसल्यागत इकडून तिकडं — हा एक पाऊल पुढं टाकायचा, एक मागं. आठ दिवस जाग्यावरच. मग खाली फ्रीव्हील बसवलं, आता मागं फिरत न्हाई. कुठलं म्हणजे? सायकलचं. त्याच्याच.

तुमी आईला काय बोलला न्हाई ना? दादा दुकानात काय म्हणला, ते? म्हणला असंल, धाकट्याला आजच पायजे. म्हणलाच असंल. मला म्हणला हुता, मच्छिंद्रा, मोटार रविवारी आणतो. मी म्हणलं, आजच, न्हाईतर जेवत न्हाई. घोड्याएवढा झालो, आन जेवत न्हाई म्हणे! आईला वाटतं, तिनंच राहात्याला धाडला, लसणासाठी. जाताना म्हणली हुती, आणशील तर आण. लसूण काय कोल्हारात मिळत न्हाई? पर ती तेच धरून बसलीय. महिना झाला, घरात लसूण न्हाई. कालवणाला चव न्हाई, तसंच खातो.

आन खरं सांगू? मी ओरडलो तवा कावळा हललाबी न्हाई. लोक हसले, मी खाली बघितलं, आन तोंडातल्या तोंडात म्हणलं — आईला खरं सांगीन. तवा शिवला. कुणी ऐकलं न्हाई. मग ठरवलं, आधी चालू दे, मग सांगू. चालायला लागल्यावर म्हणलं, डोळे करू. डोळे झाले, म्हणलं, मान फिरली पायजे. आता मानबी फिरती. काल टोपी शिवून घेतली. टोपीवर आता काय चढवायचं, तुमीच सांगा.

थांबा, वायर जोडू द्या. ट्रॅक्टरची बॅटरी हाय, बाजूला सरा. हां — निघाला. बघा, बघा, कसा — आई? तू कवा आलीस? कायबी न्हाई, चाललाय नुसता. व्हय, बघितलं असतं दादानं. हसला असता. न्हाई, रडू नको — आई, तू न्हाई — तसं म्हणू नको, तू न्हाई धाडलंस त्याला. पीठ ऱ्हाऊ दे हाताला, हितं बस. बस म्हणतो ना. सूर्यभानभाऊ, तुमी जावा आता. बंद न्हाई करायचा, चालू दे त्याला. जावा तुमी.